मदत हवी आहे: मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी खातं, तिच्या एकटीच्या नावावर की माझ्यासोबत?

माझी मुलगी एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीला पात्र ठरली आहे. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. शाळेने सांगितलंय की तिच्या नावाचं, आधार जोडलेलं खातं काढून पासबुकाची झेरॉक्स लवकर आणून द्या. तिला आता चौदावं सुरू आहे.

इथल्या एका बँकेत चौकशी केली, तर "वडिलांना घेऊन या" म्हणाले. मिस्टर सुरतला कामाला असतात, दिवाळीशिवाय येणं होत नाही. आईची सही पालक म्हणून चालत नाही का?

मग स्टेट बँकेची माहिती काढली. तिथे मुलांसाठी दोन प्रकार आहेत. 'पहला कदम' कोणत्याही वयाच्या मुलासाठी, पण पालकासोबत जोडखातं. 'पहली उडान' दहा वर्षांवरच्या, नीट सही करता येणाऱ्या मुलांसाठी, त्यांच्या एकट्याच्या नावावर. किमान शिल्लक दोन्हींत लागत नाही. सासरे म्हणतात पोस्टात काढ, ५०० रुपयांत निघतं. पण पुढे कॉलेजसाठी बाहेरगावी गेली तर बँकच बरी पडेल असं मला वाटतं.

माझा कल 'पहली उडान'कडे आहे. हे पैसे तिने स्वतः अभ्यास करून मिळवलेत, पासबुकावर तिचंच नाव असावं असं फार वाटतं. पण तिची सही अजून बसलेली नाही. कधी मराठीत पूर्ण नाव, कधी इंग्रजीत नुसतं आद्याक्षर आणि आडनाव, खाली रेघ कधी एक तर कधी दोन. बँकेत सही जुळली नाही तर पैसे अडकतील का? आणि एटीएम कार्ड आत्ताच घ्यावं का? घरात मोबाईल एकच आहे, माझा. ओटीपी मागणाऱ्या फोनांची फार धास्ती वाटते.

कोणी एवढ्यात असं खातं काढलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
ताई, लेकीचं मनापासून अभिनंदन! आई पालक म्हणून नक्की चालते. रिझर्व्ह बँकेचं २१ एप्रिल २०२५चं परिपत्रक आहे, त्यात हे स्पष्ट लिहिलंय. त्याची प्रत काढून शाखाधिकाऱ्यांनाच भेटा, काउंटरवर वाद घालत बसू नका. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतंत्र खातं देता येतं हेही त्यातच आहे. मर्यादा आणि कार्ड मात्र ज्या त्या बँकेच्या धोरणावर. अशा खात्यावर उधारी होत नाही, शिल्लक असेल तेवढेच पैसे निघतात.

तुमच्या बाबतीत खरी काळजी आधारची घ्या. खात्याला आधार नुसतं जोडणं वेगळं आणि सरकारी अनुदानासाठी सीडिंग, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या बँकेत जमा व्हायचे याची नोंद, वेगळं. त्यासाठी संमतीचा अर्ज भरावा लागतो, आणि त्यावर मुलीचाच आधार नंबर हवा, तुमचा नव्हे. थोड्या दिवसांनी आधारच्या साइटवर सीडिंग कोणत्या बँकेला दाखवतंय ते बघा, मगच शाळेत झेरॉक्स द्या. जोडखात्यात इथेच गोंधळ होऊ शकतो, म्हणून मीही एकटीच्या नावाचंच खातं सुचवेन.

अजून एक. बारावी झाल्यावर पुढच्या वर्षभरात ती अठरा पूर्ण करेल. तेव्हा नवी सही आणि केवायसी द्यावी लागते. तारीख आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर ऐन कॉलेजच्या वेळी खात्याचे व्यवहार थांबतील.

प्रतिसाद २
आमच्या मुलाचं 'पहली उडान' आहे. सहीसाठी मराठीत पूर्ण नाव ठरवून टाका, महिनाभर वहीवर रोज करू द्या, बसते. कार्डावर दिवसाला ५,०००ची मर्यादा असते. आम्ही पहिल्या वर्षी कार्ड घेतलंच नाही. पैसे काढायचे झाले की तो स्वतः स्लिप भरून रांगेत उभा राहतो, मी फक्त सोबत जाते. मेसेज माझ्या नंबरवर येतात. ओटीपी कोणालाच सांगायचा नाही, मागणारा बँकेतला असला तरी, हे तिला आधीच पक्कं सांगून ठेवा. जाताना तिचा जन्मदाखला, दोघींचं आधार, तुमचं पॅन आणि फोटो न्या.