शिव्यांची शिक्षा चॅटपुरतीच असावी की खेळण्यावर पण?

रात्रपाळी_मिड
ऑनलाइन गेममध्ये शिव्या देणाऱ्याचा नुसता चॅट बंद करावा की त्याच्या खेळण्यावरही बंधनं घालावी, यावरून ग्रुपवर कचाकचा भांडण झालंय म्हणून इथे टाकतोय. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याचं तोंड खराब त्याचं तोंड बंद करा, खेळ बंद करू नका. डोटा २ मध्ये आधी एकच बिहेवियर स्कोअर (वागणुकीचे गुण) असायचा १०,००० पर्यंत, त्यातच शिवीगाळ आणि त्यातच मुद्दाम मरायला जाणं. २०२३ ला कम्युनिकेशन स्कोअर (बोलण्याचे गुण) वेगळा काढला, दोन्हींची मर्यादा १२,००० केली, तेव्हा कुठे जरा अक्कल आल्यासारखं वाटलं. पण मला सगळ्यात पटलेली पद्धत सीएस गोची (काउंटर-स्ट्राइक, गोळीबाराचा गेम), फेब्रुवारी २०२० ची. इतरांपेक्षा फारच जास्त रिपोर्ट (तक्रारी) येत असतील तर आधी वॉर्निंग, तरी सुधारला नाही की तो सगळ्यांना आपोआप म्यूट. ज्याला ऐकायची हौस आहे त्याने अनम्यूट करावं. आणि खेळून पुरेसा एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळवला की आवाज परत. विषय संपला, रँकला (खेळातल्या क्रमवारीला) हात लावायची गरजच काय?

सपोर्ट_काकू
दादा, म्यूट झालेला माणूस गप्प बसतो असं वाटतं का तुला 😂 बोलता येत नाही म्हटल्यावर तो राग खेळात काढतो, फाउंटनमध्ये (आपल्याच तळावर) नुसता उभा राहणार, नाहीतर तुझ्यामागे फिरून पिंग (नकाशावर सिग्नल) करत बसणार. मी माइक चालूच करत नाही कारण बाई आहे कळलं की पुढची चाळीस मिनिटं काय होतं ते मला माहितीये. अशा माणसाला रँक मिळूच नये, लो प्रायॉरिटीत (शिक्षा झालेल्यांच्या वेगळ्या रांगेत) टाका आणि जिंकूनच बाहेर यायचं, नुसतं खेळून नाही. डोटात तसंच आहे आणि ते बरोबरच आहे.

रात्रपाळी_मिड
@सपोर्ट_काकू मुद्दाम हरवणं हा वेगळा गुन्हा आहे ना ताई, त्याला खुशाल टाका लो प्रायॉरिटीत, मी कुठे अडवतोय. "हा पुढे खेळ बिघडवेल" म्हणून आधीच शिक्षा नको एवढंच.

सोलो_क्यू_चा_शाप
दोघं पण रिपोर्ट म्हणजे पुरावाच असल्यासारखं बोलताय. मॅच हरली की कुणाच्या तरी नावावर बिल फाडायचंच असतं, आणि टीममध्ये चौघं मित्र एका पार्टीत (ठरवून एकत्र आलेले) असतील तर ते बिल पाचव्याच्या नावावर. लीग ऑफ लेजेंड्स या गेममध्ये २०११ ला ट्रायब्युनल होतं, रिपोर्ट झालेल्याचा चॅट खेळाडू स्वतः वाचायचे आणि शिक्षा की माफी ते मत द्यायचे. २०१४ ला बंद पाडलं. निदान कुणीतरी माणूस वाचत तरी होता.

आळशी_हीरो
वाचत होता की झोपेत शिक्षा बटण दाबत होता 😅 आणि इतक्या लोकांच्या केसेस वाचून निकाल लागेपर्यंत आपण कुणाला काय बोललो ते त्या माणसालाच आठवत नसणार, मग सुधारणार काय. शिक्षा पुढच्या मॅचआधी पोचली तरच उपयोग, त्यासाठी मशीनच लागणार.

सोलो_क्यू_चा_शाप
मशीनला मुंबई सर्व्हरवरचा चॅट वाचायला लाव एकदा. अर्धं मराठी अर्धं हिंदी आणि सगळं रोमनमध्ये, एकाच शिवीची दहा स्पेलिंगं. पक्का शिवराळ त्यातनं आरामात निसटतो आणि सापडतो कोण, तर इंग्लिशमधून एकदाच चिडलेला बिचारा.

सपोर्ट_काकू
म्हणूनच रिपोर्ट पण लागतात ना बाबा! मशीनला नाही कळलं तरी मला कळतं कोण काय बोलला. दर मॅचला वेगळी माणसं एकाच माणसाची तक्रार करत असतील तर ते काय सगळे एका पार्टीत आहेत? एका मॅचवरून नका ठरवू, पंधरा-वीस मॅचचं बघा.

आळशी_हीरो
+१. आणि सगळ्यांचाच चॅट बंद करून भागत नाही हे पण लिहून ठेवतो. लीगने ऑक्टोबर २०२१ मध्ये समोरच्या टीमशी बोलायचा ऑल चॅटच काढून टाकला, पुढच्या वर्षी परत आणला. घाण सगळी आपल्याच टीमच्या चॅटमध्ये, तो मात्र चालूच होता कारण त्याच्याशिवाय खेळणार कसं.

रात्रपाळी_मिड
तेच सांगतोय मी पण! टीम चॅट लागतो. पूर्ण बंद केला तर मिड (समोरचा मधल्या वाटेवरचा खेळाडू) गायब आहे हे सांगणार कोण, चौघांना उगाच भुर्दंड. आपोआप म्यूटमध्ये निदान अनम्यूट करायची सोय राहते.

सपोर्ट_काकू
मिड गायब आहे हे पिंगने पण सांगता येतं. रोज तेच तर करते मी.

सोलो_क्यू_चा_शाप
ते सगळं ठीक, पण रिपोर्ट झालेल्याला आपली नेमकी कुठली ओळ नडली ते दाखवायला काय जातं? नुसतं "वर्तन सुधारा" लिहून येतं. ओळ दाखवा, मग द्या हवी ती शिक्षा.