श्लेष्मल प्रतिकारशक्ती की अस्तराची?

माळवदावरची: सोलापुरातल्या अंगणवाड्यांसाठी न्यूमोकोकल लशीचं (न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस) पत्रक मराठीत करायलीय. म्युकोसल इम्युनिटीला मी 'श्लेष्मल प्रतिकारशक्ती' लिहिलं तर वाचून बघणाऱ्या अंगणवाडीताई म्हणल्या, हे काय काढ्याचं नाव आहे का ओ? सांगायचंय एवढंच की हा जंतू बऱ्याच धडधाकट पोरांच्या नाकाघशात नुसता बसून असतो, आजारी पाडतोच असं नाही, आणि तिथल्या ओलसर अस्तराची स्वतःची प्रतिकारशक्ती असते, ती बाळपणी कच्ची असते. 'अस्तराची प्रतिकारशक्ती' चालेल का?

शुद्धमती: अस्तर फारसी आहे आणि ते कोटाला असतं. श्लेष्मल योग्यच आहे. शिवाय प्रतिकारशक्ती नव्हे, प्रतिक्षमता. न्यूमोकोकसला फुफ्फुसगोलाणू म्हणावे.

चाटीगल्ली: मालक, फुफ्फुसगोलाणू वाचून बाई लेकरू काखेत मारून पळत सुटंल. 'शेंबडातली ताकद' लिहा, विषय संपला.

बालडॉक्टर: गोलाणू तरी कसा म्हणायचा, हा जोडीजोडीने असतो आणि टोकाला निमुळता. चाटीगल्ली चेष्टा करायलाय पण मुद्दा बरोबर आहे, शेंबडात आयजीए नावाच्या अँटीबॉडी असतात, त्या जंतूला अस्तराला चिकटू देत नाहीत, आईच्या दुधातनं पण मिळतात. पण हा बेणं बेरकी, आयजीए तोडणारं एन्झाइम स्वतःच तयार करतो. त्यात ह्याचे १००च्या वर प्रकार, प्रत्येकाचं साखरेचं कवच वेगळं, आणि २ वर्षांच्या आतल्या पोरांचं शरीर नुसत्या साखरेला फारसं दाद देत नाही, म्हणून लशीत ती साखर प्रोटीनला जोडून देतात. ६ आठवडे, १४ आठवडे, मग ९ महिन्याला बूस्टर, २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट. लस टोचलेल्या पोरांच्या नाकात लशीतले प्रकार कमी राहतात, म्हणजे घरातल्या आज्जीलाही फायदा. हे छापा, शब्द कुठलाही घ्या.

पूर्वभाग: शेंबूड मुळात कन्नड. तिकडं सिंबळ म्हणतात. आमच्या घरी तेलुगूत चीमिडी.

शुद्धमती: साफ चूक. संस्कृत श्लेष्मन्, प्राकृत सेंभ, मराठी शेंब, त्यावरून शेंबूड.

चाटीगल्ली: म्हणजे श्लेष्मल म्हणजे शेंबडीच की ओ! मग मघापासनं भांडायलाव कशाला

शुद्धमती: मूळ एक म्हणून पायरी एक होत नाही. छापील पत्रकात शेंबूड शोभत नाही.

पूर्वभाग: शोभायचं काय घेऊन बसलाव. लस म्हणजे तरी काय, जखमेतनं गळतं ते. पूर्वी देवी टोचताना फोडातली लस काढून टोचायचे तिथनं नाव पडलं, आज कुणी नाक मुरडतं का? आणि सेंभला शेवटी ड कुठनं चिकटला ते सांगा आधी, सिंबळच्या ळचाच ड झालाय.

बार्शीकर: आमची आज्जी न्यूमोनियाला डबा म्हणायची. 'लेकराला डबा झालाय, पोट उडायलंय.' मग बिब्ब्याचे डाग द्यायचे पोटावर, माझ्या चुलत्याच्या पोटावर अजून आहेत. ताई, पत्रकात डबा लिहाच, आणि डागू नका हेही मोठ्या अक्षरात.

बालडॉक्टर: शंभर टक्के. श्वास लागला, बरगड्या आत ओढल्या जायल्या की तडक दवाखाना.

माळवदावरची: डबा घेते, भारी. पण म्युकोसलचं काय ते सांगा की, प्रिंटवाला थांबलाय.

चाटीगल्ली: ते होईल ओ. डब्याला डबाच का म्हणतात पण?

पूर्वभाग: पोट डब्यासारखं फुगतं म्हणून.

शुद्धमती: लोकव्युत्पत्ती! पुरावा?

बार्शीकर: पुरावा म्हणजे आज्जी. दुसरा नाही आमच्याकडं.