बर्मिंगहॅम, अलाबामा: खायला काय, कुठे आणि सुरुवात कशी करू?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं पुण्याहून बर्मिंगहॅमला शिफ्ट होतोय. इंग्लंडातलं नाही, अमेरिकेतल्या अलाबामातलं. मला यूएबीमध्ये (युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा अ‍ॅट बर्मिंगहॅम) पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम मिळालंय, निदान दोन वर्षं तरी मुक्काम असेल.

ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांचं एकच उत्तर, तिथे काय खाणार, अटलांटा दोन-अडीच तासांवर आहे, वीकेंडला तिकडे जा, पटेल मार्केट आहे, डोसा आहे, सगळं मिळतं. पण मला दर शनिवारी दुसऱ्या शहरात पळायचं नाहीये. ज्या गावात राहायचं त्या गावचं जेवण कळलं नाही तर तिथली माणसं कशी कळणार? पुण्यात आले तेव्हाही आधी मंडईच्या आजूबाजूच्या खानावळी पालथ्या घातल्या होत्या, मग गाव आपलंसं वाटायला लागलं.

अडचण एवढीच की नवरा शाकाहारी आहे, अंडं चालतं. मी मासे-चिकन खाते, बीफ नाही, पोर्क क्वचित. सुरुवात कुठून करू? आणि जिथे आम्ही दोघंही एका टेबलावर बसून जेवू शकू अशी ठिकाणं आहेत का? महागडी नकोत, पगार पोस्टडॉकचा आहे :)

तिखटमीठ

सोनचाफा, स्वागत! मी होमवूड या उपनगरात राहते, यूएबीपासून गाडीने दहा मिनिटं. आधी सांगते, तुला भेटलेल्या लोकांनी या गावावर अन्याय केलाय. शहराच्या हद्दीत लोकसंख्या फक्त 2 लाखाच्या आसपास, आजूबाजूची उपनगरं धरली तर 11 लाख, पण एवढ्याशा गावाच्या मानाने इथे जेवणाची जी समज आहे ती मला ह्यापेक्षा मोठ्या शहरांत दिसली नाही.

सुरुवात दुपारच्या जेवणापासून कर, रात्रीच्या नाही. इथे "मीट अँड थ्री" नावाचा प्रकार असतो, एक मांसाचा पदार्थ, तीन भाज्या, सोबत कॉर्नब्रेड किंवा रोल, ही इथली राइसप्लेट समज. फिनली अव्हेन्यूवर निकीज वेस्ट म्हणून जागा आहे, 1957 पासूनची, शेजारीच शेतकऱ्यांचं मोठं मार्केट. ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, समोर भाज्यांची लांबच लांब ओळ, काचेपलीकडून ताई विचारतात काय हवं, आणि पटपट सांगावं लागतं कारण मागे ट्रकवाले, वकील, हॉस्पिटलातली माणसं सगळे भुकेले उभे असतात. भेंडी, चवळी, बटर बीन्स, टर्निपचा पाला, कॉलर्ड नावाची पालेभाजी, रताळी, पिवळा भोपळ्याच्या जातीतला स्क्वॉश. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भेंडी आणि चवळी एका ताटात बघून इतकं बरं वाटलं! आणि हे उगाच नाही. भेंडी आणि चवळी दोन्ही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर इकडे आल्या, त्या स्वयंपाकिणींच्या हातून दक्षिणेच्या जेवणात रुजल्या.

आता नवऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मेन्यूवर "व्हेजिटेबल प्लेट" लिहिलेलं दिसेल, म्हणजे मांस न घेता चार भाज्या. ती शाकाहारी असतेच असं नाही! पाला, चवळी, बीन्स हे सगळं पारंपरिक पद्धतीत डुकराच्या हाडाबरोबर नाहीतर बेकनच्या चरबीत शिजवतात, कधी चिकनच्या स्टॉकमध्ये. इथल्या लोकांच्या हिशेबात ती भाजीच. म्हणून "व्हेजिटेरियन आहे का" असं विचारू नका, "यात पोर्क, बेकन किंवा चिकन स्टॉक आहे का" असं स्पष्ट विचारा, आणि कॉर्नब्रेडबद्दलही विचारा. लोक अजिबात वैतागत नाहीत, उलट आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतात. बहुतेक ठिकाणी मॅकरोनी अँड चीज, कापलेले टोमॅटो, कोलस्लॉ, रताळी हे चालून जातं. तळलेली भेंडी मक्याच्या पिठात घोळवलेली असते, फार सुंदर लागते, पण त्याच कढईत चिकन तळतात का ते विचारून घ्या. आणि हो, मॅक अँड चीज इथे भाजीत मोजतात, दचकू नका.

कोलंबीप्रेमी

मी अटलांटाहून कामासाठी बर्मिंगहॅमला वरचेवर जातो म्हणून लिहितोय. मासे खात असाल तर बेसेमरचं ब्राइट स्टार चुकवू नका. बर्मिंगहॅमच्या नैऋत्येला, गाडीने वीसेक मिनिटं. 1907 सालचं रेस्टॉरंट, ग्रीक कुटुंबांनी चालवलेलं, 2010 मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनने (अमेरिकेतले खाण्याच्या क्षेत्रातले मानाचे पुरस्कार देणारी संस्था) "अमेरिकाज क्लासिक" म्हणून गौरवलेलं.

तिथे ग्रीक पद्धतीने भाजलेला रेड स्नॅपर मिळतो, लिंबू, ऑलिव्ह ऑइल, ओरेगानो. हा आपल्या तांबोशीच्या जातकुळीतला मासा, मेक्सिकोच्या आखातातून येतो. पण खरी गोष्ट म्हणजे स्नॅपर थ्रोट, कल्ल्यांच्या खालचा गळ्याकडचा तुकडा. ज्यांनी लहानपणी माशाच्या डोक्यावरून भावंडांशी भांडण केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, सगळ्यात गोड मांस तिथेच असतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हा भाग बाजूला टाकतात, इथे लोक तो मागून घेतात.

ग्रीक लोक अलाबामात कसे हा प्रश्न मलाही पडला होता. बर्मिंगहॅम हे शहरच मुळी 1871 मध्ये वसवलेलं, कारण लोखंडाचं खनिज, कोळसा आणि चुनखडी तिन्ही एकाच परिसरात सापडतात. भट्ट्या आल्या, कामगार आले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीसमधून आलेल्या लोकांनी त्या कामगारांना जेवू घालायला हॉटडॉगच्या गाड्या, कॅफे, खानावळी काढल्या. त्यामुळे इथल्या साउदर्न ताटात मधेच ग्रीक हात जाणवतो. होमवूडच्या जॉनीजमध्ये तर हे उघड दिसतं, एकीकडे पाला आणि चवळी, दुसरीकडे केफ्टेडेस (ग्रीक खिम्याचे गोळे) आणि ग्रीक सॅलड.

एक सूचना, अटलांटाहून निघालात की वाटेत घड्याळ एक तास मागे जातं. परत येताना तो तास जातो, डिनर करून अटलांटाला परतायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

रानवाटा

वरच्या दोघांचं पटतंय पण शाकाहारी माणसाच्या बाजूने थोडं वेगळं सांगतो. मी शाकाहारी आहे आणि बरीच वर्षं हूवर या उपनगरात राहतोय. प्रत्येक जेवणाला "यात काय घातलंय" अशी चौकशी करत बसलं की माणूस थकतो हो. महिन्यातून एकदा मजा येते, रोज नाही. त्यामुळे रोजच्यासाठी दुसरी सोय हवीच.

ग्रीन स्प्रिंग्ज हायवेवर मेक्सिकन टाकेरिया भरपूर आहेत (बीन्समध्ये लार्ड, म्हणजे डुकराची चरबी आहे का तेवढं विचारा), हूवर आणि 280 हायवेच्या बाजूला भारतीय रेस्टॉरंट आणि वाणसामान मिळतं, पेलहॅमला हिंदू मंदिर आहे तिथे सणांना बरीच मंडळी भेटतील. आणि दोन गोष्टी कॅलेंडरवर लिहून ठेवा. वसंतात सेंट इलायस मॅरोनाइट चर्चचा लेबनीज फूड फेस्टिव्हल, आणि शरदात ग्रीक कॅथीड्रलचा ग्रीक फेस्टिव्हल. चर्चच्या आज्या दिवसेंदिवस राबून पदार्थ करतात, स्पॅनाकोपिटा (पालक-चीजचा पाय) आणि बाकलावा एवढा ताजा दुकानात मिळणार नाही. लोखंडाच्या काळात लेबनीज कुटुंबंही इथे आली होती, ती अजून इथेच आहेत.

सोनचाफा

बापरे, किती छान माहिती, सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतोय भेंडी असेल तर मी येतो :) "पोर्क की स्टॉक" हा प्रश्न पाठ करून ठेवलाय.

अजून दोन विचारते. बार्बेक्यूचं खूप ऐकलंय, मी चिकन खाणारी असेन तर त्यात मला काय? आणि बर्मिंगहॅम म्हटलं की 1963 आठवतं, समान हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांवर पोलिसांनी सोडलेले कुत्रे आणि पाण्याचे फवारे. त्या सगळ्याचा आणि इथल्या हॉटेलांचा काही संबंध आजही जाणवतो का? विचारणं योग्य आहे की नाही माहीत नाही, पण मनात आलं.

जुनी वही

विचारणं अगदी योग्य आहे, आणि संबंध फार सरळ आहे. तेव्हाचा लढा बऱ्याच अंशी जेवणाच्या काउंटरवर बसू देण्याचाच होता. दुकानात कृष्णवर्णीय माणसाचे पैसे चालत होते, पण तिथल्याच लंच काउंटरच्या स्टुलावर तो बसलेला चालत नव्हता.

आणि बार्बेक्यूचा मुद्दा काढलाच आहेस तर ऑलीज बार्बेक्यू माहीत असायला हवं. बर्मिंगहॅममधलं कौटुंबिक रेस्टॉरंट. काम करणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसायची परवानगी नाही, फक्त पार्सल. हॉटेलांत वर्णावरून भेदभाव करायला बंदी घालणारा 1964 चा नागरी हक्क कायदा आल्यावर मालक कोर्टात गेले, म्हणणं असं की आमचा धंदा स्थानिक आहे, केंद्र सरकारचा काय संबंध. डिसेंबर 1964 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की तुम्ही विकता त्यातलं बरंचसं मांस दुसऱ्या राज्यातून येतं, म्हणजे हा आंतरराज्य व्यापारच झाला, कायदा तुम्हाला लागू. अमेरिकेत लॉ शिकणारी पोरं आजही हा खटला वाचतात. आपल्याकडे पाणवठ्यावरून आणि हॉटेलातल्या वेगळ्या कपांवरून काय काय झालं हे ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच भिडतं.

ते रेस्टॉरंट आता नाही. पण एक दिवस मोकळा काढून सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट बघ, समोर केली इनग्रॅम पार्क आहे, कोपऱ्यावर सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च, जिथे सप्टेंबर 1963 च्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या. मग चालत फोर्थ अव्हेन्यू नॉर्थला जा. भेदभावाच्या काळात कृष्णवर्णीयांची दुकानं, थिएटर, खाणावळी या रस्त्यावर होत्या. तिथे ग्रीन एकर्स कॅफे अजून चालू आहे, तळलेले चिकन विंग्ज, कागदात गुंडाळून, गरमागरम. चिकन खातेस ना, मग तिथे खा.

तिखटमीठ

जुनी वही, छान लिहिलंत. मी पण पाहुण्यांना आधी तिथेच नेते.

सोनचाफा, बार्बेक्यूत चिकनवाल्यांसाठी अलाबामाची स्वतःची गोष्ट आहे, व्हाइट सॉस! मेयोनीज, व्हिनेगर, भरपूर काळी मिरी. राज्याच्या उत्तरेला डिकेटर गावात बिग बॉब गिब्सन यांनी 1925 पासून बार्बेक्यू सुरू केलं, हे सॉस त्यांचं. धुरावर भाजलेलं आख्खं चिकन या सॉसमध्ये बुडवायचं, मांस कोरडं पडत नाही आणि आंबट-तिखट चव आतपर्यंत जाते. बर्मिंगहॅममध्ये अ‍ॅव्हनडेलच्या सॉज सोल किचनला व्हाइट सॉस घातलेलं स्मोक्ड चिकन सँडविच खा. तिथे ग्रिट्स पण मिळतात, म्हणजे मक्याच्या कण्या मऊ शिजवून त्यात चीज. नवऱ्यासाठी ग्रिट्स वेगळे मागता येतील, फक्त वर पोर्क नको म्हणून सांगा.

कधीतरी खास दिवस असेल तेव्हासाठी: हे गाव ज्यांच्यामुळे खाण्याच्या नकाशावर आलं ते शेफ फ्रँक स्टिट. त्यांचं हायलँड्स बार अँड ग्रिल 1982 मध्ये सुरू झालं, 2018 मध्ये जेम्स बिअर्डचा देशातल्या सर्वोत्तम रेस्टॉरंटचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी तिथल्या डॉलेस्टर माइल्स यांना सर्वोत्तम पेस्ट्री शेफचा. मला दुसऱ्या पुरस्काराचा आनंद जास्त, ती बाई सुरुवातीपासून त्या किचनमध्ये होती. हायलँड्स 2020 च्या करोनात बंद झालं, पण शेजारचं शेझ फॉनफॉन आणि बोटेगा चालू आहेत. कोकोनट पीकन केक दिसला तर सोडू नकोस. माशांसाठी ऑटोमॅटिक सीफूड, तिथल्या अ‍ॅडम एव्हन्स यांना 2022 मध्ये दक्षिण विभागाचा बेस्ट शेफ मिळाला. पोस्टडॉकच्या पगारात या जागा वर्षातून एकदोनदाच, आणि बिल बघताना लक्षात ठेव की शहरात सेल्स टॅक्स 10 टक्के आहे, त्यावर टिप.

पण पैसे न घालवता गावाचं जेवण बघायचं असेल तर शनिवारी सकाळी पेपर प्लेसचं मार्केट. डॉ. पेपर या सॉफ्टड्रिंकच्या जुन्या बॉटलिंग कारखान्याच्या आवारात भरतं, 2000 सालापासून. चिल्टन काउंटीतले पीच तिथे येतात, मोसम मेच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत. म्हणून विचारते, ऑगस्टमध्ये नक्की कुठल्या तारखेला पोचताय? पहिल्या आठवड्यात आलात तर जेटलॅग असू दे, शनिवारी सकाळी सात वाजता गाडी घेऊन न्यायला येते.

सोनचाफा

2 तारखेला पोचतोय! येतोच. पिशवी आणू ना?

तिखटमीठ

दोन आण. भेंडी पण मिळते तिथे.