ऑब्झर्व्हेबलकलेक्शन लावलंय तरी ग्रिडच्या रो मधला आकडा बदलत नाही

प्रश्न:
डब्ल्यूपीएफमध्ये (डॉटनेटमधलं विंडोज अ‍ॅपच्या स्क्रीन बनवायचं फ्रेमवर्क) डेटाग्रिड म्हणजे तक्ता आहे, ऑब्झर्व्हेबलकलेक्शनला (बदल झाला की स्क्रीनला कळवणारी यादी) बाइंड केलाय, म्हणजे जोडलाय. आयटम टाकला की रो येते, काढला की जाते, इथपर्यंत मस्त. पण बटणाच्या कोडमधून एखाद्या आयटमची क्वांटिटी ५ ची ८ केली तर स्क्रीनवर ५ च, आणि डीबगरमध्ये बघतो तर ८. सध्या आयटम्स.रिफ्रेश (अख्खा ग्रिड परत भरायला लावणारा कॉल) मारून काम भागवतोय पण कोणी सेल एडिट करत असताना तो कॉल झाला की सरळ एक्सेप्शन. काय करू?

उत्तर १:
नावावरून सगळेच फसतात रे. ही कलेक्शन फक्त यादीवर लक्ष ठेवते, कोण आलं, कोण गेलं, कोणाची जागा बदलली. आतल्या आयटमचं पोट दुखतंय का हे तिच्या गावीही नसतं, ते आयटमनेच ओरडून सांगायचं. आयटमच्या क्लासवर आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस लाव आणि सेटरमध्ये (प्रॉपर्टीत व्हॅल्यू ठेवणारा कोड) नवी व्हॅल्यू ठेवून झाली की त्याचा प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंट फायर कर, व्हॅल्यू ठेवायच्या आधी नको, नाहीतर बाइंडिंग जुनीच वाचून जाईल. प्रॉपर्टीचं नाव हाताने स्ट्रिंगमध्ये टाइप करू नको, स्पेलिंग चुकलं तर एररसुद्धा येत नाही, नुसतं अपडेट होत नाही आणि आपण बसतो एक्सएएमएल (स्क्रीनची मांडणी लिहायची फाइल) चाळत, माझी अख्खी दुपार गेलीय यात. कॉलरमेंबरनेम वापर, ते प्रॉपर्टीचं नाव आपोआप भरतं, डॉटनेट ४.५ पासून आहे. आणि तो रिफ्रेश काढून टाक बाबा.

प्रश्नकर्ता:
क्वांटिटी चालली!! पण त्याच रोमधली रक्कम, म्हणजे क्वांटिटी गुणिले दर, ती जुनीच दिसतेय, खालची एकूण बेरीज पण. आणि एक कळलं नाही, आधी ग्रिडमध्ये टाइप करून बदललं तर बाजूच्या टेक्स्टबॉक्समध्ये बरोबर दिसायचं, मग कोडमधूनच का नाही?

उत्तर २:
टाइप करून बदललं की व्हॅल्यू बाइंडिंगमधूनच आत जाते. आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड नसेल तर डब्ल्यूपीएफ प्रॉपर्टीडिस्क्रिप्टरवर (बाइंडिंग ज्याच्यातून प्रॉपर्टी वाचतं-लिहितं तो ऑब्जेक्ट) कान ठेवून असतं, त्यामुळे त्याला ते कळतं. तुझा कोड थेट सेटरला हात घालतो, त्याची खबर कोण देणार. त्यामुळेच हा बग टेस्टिंगमध्ये कधीकधी निसटतो.

रक्कम कॅल्क्युलेटेड आहे, तिला स्वतःचा सेटर नाही, म्हणून क्वांटिटी आणि दर दोघांच्याही सेटरमधून रक्कमच्या नावाने पण इव्हेंट फायर कर.

बेरीज मात्र व्ह्यूमॉडेलचं (स्क्रीनला डेटा पुरवणारा क्लास) काम. कलेक्शनचेंज्डमध्ये (यादी बदलली की येणारा इव्हेंट) नवीन आलेल्या प्रत्येक आयटमचा प्रॉपर्टीचेंज्ड सबस्क्राइब कर, गेलेल्याचा अनसबस्क्राइब, आणि दोन्ही वेळेला बेरीज परत काढ. अनसबस्क्राइब विसरलास तर काढून टाकलेला आयटम कुठे बदलला तरी इकडे उगाच बेरीज चालू. क्लिअर करताना जपून, तेव्हा इव्हेंट रिसेटचा येतो आणि ओल्डआयटम्स (गेलेल्या आयटमची यादी) नल म्हणजे रिकामा असतो, म्हणजे कोण गेलं ते कळतच नाही. क्लिअरच्या आधी लूप मारून सगळे सोडव.

प्रश्नकर्ता:
क्लिअरवरच आपटलो होतो, नल रेफरन्स! आता लूप आधी घातला, बेरीज शून्यावर येतेय. आभार दोघांचे.