रेडिंगचा बॉयलर आणि आईचे देव

ग्रुप: आजोळ

शनिवार

मी: (फोटो) ही बादली बघा. वर भिंतीला लटकलाय तो आमचा बॉयलर, गॅसवर पाणी तापवून सगळं घर उबदार ठेवणारा. काल रात्रीपासून ठिबकतोय, आज सकाळी बंदच पडला. इथे इंग्लंडात, रेडिंगला, बाहेर 1 डिग्री. आई दोन स्वेटर आणि शाल घेऊन बसली आहे.

आई: तीन स्वेटर.

सुमनमावशी, नाशिक: अगं बाई! ताई, तू परत ये बघू. इथे ऊन पडलंय मस्त. (सुप्रभातचं गुलाबाचं चित्र)

सुमनमावशी, नाशिक: तोवर खोलीत कोळशाची शेगडी ठेवा गं. आपण वाड्यात नाही का ठेवायचो.

अण्णामामा: सुमन, खुळ्यासारखं काही सांगू नको. वाड्याच्या कौलातून आभाळ दिसायचं. यांची घरं डब्यासारखी बंद. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

मी: नाही मावशी, शेगडी नको. निखिल तेलाचे दोन हीटर आणायला गेलाय. गॅसवाला येऊन गेला. म्हणाला आतला हीट एक्स्चेंजर, म्हणजे जाळाची ऊब पाण्याला देणारा भाग, फुटलाय, 16 वर्षांचं मॉडेल, सुटा भाग मिळत नाही. नवीनच घ्या म्हणे. 2,800 पौंड, मंगळवारी बसवून देतो.

संजूदादा, टोरंटो: थांब. लगेच हो म्हणू नकोस. तुमच्याकडे हीट पंपाला, बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर घरात आणणाऱ्या यंत्राला, सरकार पैसे देतंय ना?

मी: हो, इंग्लंड-वेल्समध्ये 7,500 पौंड. बसवणारा परस्पर अर्ज करतो आणि बिलातून वजा करतो. पण दादा, त्याला आठवडे लागतात. इथे आईच्या पायाची बोटं निळी पडायची वेळ आलीय.

आई: माझ्या बोटांचं नाव पुढे करू नकोस. मी ठीक आहे.

अण्णामामा: पोरी, मी 31 वर्षं साखर कारखान्यात बॉयलरवर काढली. एक सांगतो. बॉयलर बंद पडला म्हणून गळीत थांबलेलं असतं, तेव्हा जो व्यापारी दारात उभा राहतो त्याच्याकडून कधी काही घ्यायचं नाही.

अण्णामामा: आणि ही पेटी किती किलोवॅटची?

निखिल: मामा, 30 लिहिलंय.

अण्णामामा: तीन खोल्यांच्या घराला तीस? निखिलराव, तुम्ही घर तापवताय का ऊस गाळताय?

निखिल: वर तीन, खाली दोन. पण तीस घरासाठी नाहीच. हा कॉम्बी प्रकार आहे, टाकी नसते. नळ सोडला की पाणी जागच्या जागी तापवायचं, त्याला ही ताकद लागते. घराला किती लागते ते कोणी मोजलेलंच नाही.

अण्णामामा: मग ते आधी मोजा. पेटी कुठली घ्यायची ते नंतर.

ऋचा, पुणे: आमच्या सोसायटीत सोलरच्या जोडीला हीट पंपच बसवलाय आंघोळीच्या पाण्यासाठी. पावसाळ्यात पण मस्त गरम. बिल गीझरच्या निम्म्याहून कमी.

संजूदादा, टोरंटो: ऋचा, पुण्यात हवाच 25 डिग्री असते. तिथे पंपाला काम सोपं. रेडिंगला ओली थंडी, 0 ते 3. बाहेरच्या युनिटवर बर्फ साचतो, मग ते थोडा वेळ उलटं फिरून स्वतःला वितळवतं. चालतं, पण तेवढी वीज जाते.

सुमनमावशी, नाशिक: बाहेर बर्फ आणि त्यातून म्हणे ऊब काढणार. मला कोणी समजावून सांगेल का?

अण्णामामा: फ्रिजच्या मागे हात लावून बघ. गरम लागतो ना? आतल्या भाजीतली ऊब बाहेर आणून टाकतो तो. इथे फ्रिजच्या जागी अंगण आणि मागच्या बाजूला घर. नव्या पंपांत बऱ्याचदा प्रोपेन असतो, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊबंद. तो उणे 42 ला उकळतो. त्याच्या लेखी 0 डिग्रीची हवा म्हणजे पेटती चूलच. वीज ऊब तयार करायला लागत नाही, नुसती हमाली करायला लागते. एका युनिटात तीन-साडेतीन युनिटांचा माल वाहतो.

अण्णामामा: आणि गंमत बघा. तुमच्या त्या बॉयलरात पाणी उकळतच नाही, नाव मात्र बॉयलर. खरं उकळतं ते या पंपात.

सोमवार

मी: हीटरवर दिवस काढतोय. मीटर कालचे 11 पौंड दाखवतंय. आंघोळीला आईने इथल्या सर्वांत मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं. मला पंधराव्या मिनिटाला बंब आठवला.

निखिल: हिशोब मांडतो. वर्षाला गॅस 12,000 युनिट. जुना बॉयलर 80 टक्के धरला तर घराला मिळते 9,600 युनिट ऊब. गॅस 6 पेन्स, वीज 26 पेन्स.
नवा बॉयलर 90 टक्क्यांनी: साधारण 640 पौंड, वर गॅसजोडणीचा स्थिर आकार 115. म्हणजे 755.
सगळीकडे साधे विजेचे हीटर: 2,496.
पंप, एका युनिट विजेला तीन युनिट ऊब धरून: 832.

सुमनमावशी, नाशिक: मग पंप महागच की, जावईबापू!

निखिल: एकाला तीनने महाग. बॉयलरची बरोबरी करायला एकाला 3.3 लागतात, आणि तेही गॅसची जोडणी पूर्ण तोडली तर.

संजूदादा, टोरंटो: आमच्याकडे दोन्ही आहेत. उणे 10 पर्यंत पंप, त्याखाली गॅसची भट्टी. निर्धास्त.

मी: तुमच्याकडे डक्टमधून हवा फिरते रे, आमच्याकडे खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून गरम पाणी. आणि दोन्ही ठेवले तर इथे अनुदान मिळत नाही. विचारलं मी.

अण्णामामा: रेडिएटरचंच विचारायचं होतं. पाणी किती डिग्रीला फिरवत होता?

निखिल: 2022 ला गॅस महागला तेव्हा 75 वरून 55 वर आणलं होतं मामा. कुठेतरी वाचलं होतं.

अण्णामामा: आणि घर?

मी: गरम राहायचं. मागची खोली सोडून, तिथे पाहुणे कुडकुडायचे. त्या वर्षी तूच होतास ना रे दादा?

संजूदादा, टोरंटो: मी टोरंटोहून येऊन रेडिंगमध्ये गारठलो होतो, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

अण्णामामा: वा! म्हणजे परीक्षा तेव्हाच झाली, निकाल आज बघताय. बॉयलरमध्येसुद्धा रेडिएटरमधून परतणारं पाणी 55 च्या खाली आलं तरच धुरातली वाफ पाणी होऊन आपली ऊब परत देते. कारखान्यात धुराड्याआधी धुरातली उरलेली ऊब पाण्याला देणारा इकॉनॉमायझर असतो, तोच न्याय. 75 वर ठेवून तुम्ही रेडिंगचं आभाळ तापवत होता. पंपाला तर 45च पाहिजे. पाणी जितकं कोमट, तितकी हमाली कमी.

निखिल: पण 45 ला मागची खोली अजूनच गार पडेल.

अण्णामामा: तिथला रेडिएटर मोठा करा. आणि नळ्या किती जाड आहेत ते बघा. कोमट पाणी म्हणजे तीच ऊब न्यायला पाणी जास्त फिरवावं लागतं. बारीक नळीतून ते जात नाही, नुसतं शिट्ट्या मारतं.

मी: मागच्या खोलीत पेन्सिलीपेक्षा जरा जाड, 10 मिलिमीटरची नळी आहे. म्हणूनच ती खोली गार असणार! सहा वर्षं आम्ही खिडकीला दोष देतोय.

गुरुवार

निखिल: पंपवाले दोघं येऊन गेले. पहिला दहा मिनिटांत उरकला. हॉलमध्ये उभं राहून म्हणाला 11 किलोवॅटचा लागेल. जिनाही चढला नाही.

अण्णामामा: त्याला वाटेला लावा. मोठा पंप म्हणजे सारखा चालू-बंद, चालू-बंद. वीजही खाणार आणि लवकर मरणारही.

निखिल: दुसरी बाई होती. अडीच तास. प्रत्येक भिंत, खिडकी, पोटमाळ्यातली ऊब अडवणारी लोकर, सगळं मोजलं. बाहेर उणे 2 असताना घराला 5.8 किलोवॅट लागतात.

अण्णामामा: तीसवरून सहावर आलो. ताई, चहा पाजलात का त्या बाईंना?

आई: चहा आणि चिवडा. दोनदा घेतला तिने.

निखिल: चार रेडिएटर मोठे, मागच्या खोलीची नळी नवी, 200 लिटरची टाकी. एकूण 11,900, अनुदान वजा जाता 4,400. सध्या यावर व्हॅट शून्य आहे. तिच्या अंदाजाने एकाला 3.6 पडेल, म्हणजे वर्षाला 693.

संजूदादा, टोरंटो: बॉयलरपेक्षा 1,600 जास्त, आणि वाचणार वर्षाला साठ. वसूल व्हायला सव्वीस वर्षं. तोवर पंपच मेलेला असेल.

निखिल: दादा, साध्या दराने तसंच आहे. पंपवाल्यांना दिवसात काही तास स्वस्त वीज देणारे दर आहेत. त्या तासांत घर आणि टाकी तापवून घेतली आणि सरासरी 20 पेन्स पडली, तर 533. मग सात-आठ वर्षांत निघतात. पण त्यासाठी आपल्याला वेळ सांभाळावी लागेल. "मला गार वाटलं, फिरवलं बटण" हे बंद.

मी: मला पैशांपेक्षा ते घर तापवायचं तंत्रच बदलेल याची धास्ती. आता कसं, संध्याकाळी आलं की लावायचं, तासाभरात भट्टी. पंप दिवसभर मंद चालवायचा म्हणतात.

अण्णामामा: चुलीवर दूध आटवतात तसं. मोठ्या जाळावर करपतं.

निखिल: आणि गॅसची जोडणी तोडायची तर शेगडीही जाणार. इंडक्शन घ्यावं लागेल.

सुमनमावशी, नाशिक: काय?? मग फुलके कशावर फुगवायचे? भरताची वांगी कशावर भाजायची?

सुमनमावशी, नाशिक: हे तुम्ही आधी नाही सांगितलंत. मी बॉयलरच्या बाजूने.

आई: सुमन, आपल्या घरात घडीच्या पोळ्या होतात, तव्यावरच फुगतात. फुलके तू लग्नानंतर शिकलीस. वांगी उन्हाळ्यात बागेत कोळशावर भाजू. हिवाळ्यात इथली वांगी तशीही भरीत करण्याच्या लायकीची नसतात.

ऋचा, पुणे: आजीने निकाल दिला.

मी: एक अडचण राहिली. टाकी कुठे ठेवायची? बाई म्हणाली जिन्यावरचं कपाट. पूर्वी त्यातच टाकी होती, नळ्या अजून आहेत. दुसरीकडे नेली तर 900 पौंड जास्त.

संजूदादा, टोरंटो: मग अडचण काय?

मी: तिथे देवघर आहे.

(बराच वेळ कोणी लिहीत नाही. सुमनमावशी लिहीत आहे… सुमनमावशी लिहीत आहे… हा संदेश काढून टाकला आहे.)

निखिल: मी 900 भरायला तयार आहे. आईंना विचारल्याशिवाय देव हलणार नाहीत.

शुक्रवार

आई: रात्री झोप लागली नाही, थंडीमुळे नव्हे. निखिलराव, 900 कशाला? पंप बाहेर बसणार, टाकी कपाटात जाणार. मग स्वयंपाकघरातली त्या बॉयलरची जागा रिकामी होते की नाही? भिंत पूर्वेची आहे. खाली ओटा आहे, समई ठेवता येईल. कपाटात देव अंधारात होते, मला कधीच आवडलं नव्हतं. बोलले नाही.

मी: आई!! सहा वर्षं?

आई: तुमचं घर. मी पाहुणी.

निखिल: त्या बाईंना हो कळवलं. साडेपाच आठवडे लागतील. तोवर हीटरचं बिल लावून फरक अजून वाढणार आहे, संजूदादा, आता सव्वीस वर्षं काढू नका.

संजूदादा, टोरंटो: काढणार होतो.

सुमनमावशी, नाशिक: ताई, मूर्ती हलवताना गुरुजींना मुहूर्त विचार हो.

अण्णामामा: मुहूर्त विचारा, आणि बॉयलर काढला की धुराड्याचं भोक विटांनी नीट बुजवून घ्या. नुसता पत्रा मारून जातील. मग वारा आत येऊन निरांजन विझत राहील.