हात थरथरतात, पुस्तक धरता येत नाही. ऐकायच्या पुस्तकांची सोय कशी करायची?

राजारामपुरीची_लेक
नमस्कार मंडळी. आमचे आण्णा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आणि वाचनाचा नाद असा की जेवताना पण ताटाशेजारी पुस्तक. आता पार्किन्सन्स झालाय. डोळे ठणठणीत आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन पण झालंय, पण पुस्तक हातात राहत नाही, अंगठा पानावरनं घसरतो आणि पुस्तक छातीवर पडतं. मी पोळपाटाला कपड्याचे चिमटे लावून त्यावर पुस्तक अडकवून दिलं, दोन दिवस चाललं, मग पान उलटायला दर दोन मिनिटांनी मला हाक. उपनगरातल्या एका वाचनालयात विचारलं तर म्हणाले ऑडिओ वगैरे आंधळ्यांसाठी असतंय, तुमच्या वडिलांना दिसतंय की. आता काय बोलायचं यावर? कुणाला काही माहिती असेल तर सांगा.

पांढरीकाठी_शिवाजीपेठ
ताई, त्या माणसाला माहीत नाही एवढंच. मी स्वतः पूर्ण अंध आहे, पण 'छापील मजकूर वाचता न येणारे' यात आम्ही एकटे नाही, पुस्तक धरता येत नाही किंवा पान उलटता येत नाही ते पण त्यातच. माराकेश करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे 2013 चा, त्यात हे स्पष्ट लिहिलंय आणि त्याला सगळ्यात आधी मान्यता देणारा देश आपला, 2014 साली. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स नावानिशी आहे. आधी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करून दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांचं ओळखपत्र) बघा, ते पुढं सगळीकडं लागतंय.

मग 'सुगम्य पुस्तकालय'. 2016 ला सुरू झालेली ऑनलाइन लायब्ररी आहे, केंद्र सरकार, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएसची. मराठी पुस्तकं आहेत, पण नाव एका स्पेलिंगनं सापडलं नाही तर दुसऱ्यानं शोधा, मी एकदा अर्धा तास घालवलाय एका ऱ्हस्व-दीर्घापायी. ब्रेल पुस्तकं पोस्टानं 7 किलोपर्यंत फुकट येतात, पण आण्णांना त्याचा काय उपयोग, ब्रेलला बोट स्थिर लागतं.

राजारामपुरीची_लेक
दादा लई धन्यवाद. पण मोबाईलचं काय करू, एकदा दाबायला जातात आणि तीनदा दाबलं जातंय, परवा पुण्याच्या आत्याला व्हिडिओ कॉल लागला रात्री साडेअकराला 😅

मिसळ_आणि_पुस्तकं
हाहा आत्यानं उचलला का?
ताई, मोबाईलच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये बघा, बऱ्याच फोनला लागोपाठचे टच सोडून द्यायचा पर्याय असतो. नाहीतर मोबाईल मधनं काढूनच टाका. मी ग्रंथालयातच काम करतो म्हणून सांगतो, माणसाच्या आवाजातलं डेझी पुस्तक (छापील वाचता न येणाऱ्यांसाठी केलेलं ऐकायचं पुस्तक) म्हणजे आत बहुतेक वेळा एमपी3 फायलीच असतात. त्या पेनड्राइव्हवर घ्या आणि मोठ्या बटणाचा साधा स्पीकर आणा, भजनाला लावतात तसला. बटणाचा पत्ता बोटांना दोन दिवसांत पाठ होतो.

आणि एक, नेटवरनं जुन्या मराठी पीडीएफ उतरवून मोबाईलला वाचायला लावू नका एकदम. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर दिसायला मराठी आणि आत इंग्रजी अक्षरांची भेळ, मोबाईल तेच बरळत बसतो आणि आपल्याला वाटतं मोबाईल बिघडला. तसल्या पीडीएफच्या पानांचे फोटो करून ते गूगल ड्राइव्हवर टाका आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर बराचसा नीट निघतो. जोडाक्षरं तेवढी तपासा.

शाहूपुरीची_आई
माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, अक्षरं दिसतात पण वाचायला जड जातं, आम्हाला पण हेच ऐकवलं होतं, "त्याला दिसतंय ना मग". मी धड्यांचे फोटो काढून असंच मजकूर काढते. शेजारीण म्हणाली हे कॉपीराइटमध्ये बसत नाही, खरं आहे का?

पांढरीकाठी_शिवाजीपेठ
बसतंय की. 2012 ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, दिव्यांग माणसाला वाचता यावं म्हणून कुणीही असा मजकूर करून देऊ शकतो, दुसऱ्या दिव्यांग व्यक्तीला पण वाचायला देता येतो, फक्त विकायचा नाही. ताई, तुम्ही आण्णांना वाचून रेकॉर्ड केलं तरी चालतंय.

राजारामपुरीची_लेक
दाखल्याचं अजून व्हायचंय, पण स्पीकर आणला. सुरुवातीला माझ्याच आवाजात एक प्रकरण भरून लावलं. दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तू स्वल्पविराम खातीस." आता रोज रात्री भांडी झाल्यावर दोन पानं रेकॉर्ड करते, गडी सकाळी चहा गार होईस्तोवर चुका काढत बसतोय. आत्यानं उचलला होता फोन, तिलाबी ही रेकॉर्डिंगं पाहिजेत म्हणे.