मुंबई-दोहा-डॅलस प्रवास, बाबांना डायबेटिस: लाउंजमध्ये काय खाऊ द्यावं?

निशाचर_पुणेकर

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा ताईकडे डॅलसला चाललेत. मुंबईहून पहाटे ४ चं विमान, दोहाला अडीच-तीन तासांचा थांबा आणि मग पुढे सलग सोळा तास. बाबा ६६ चे, टाइप टू डायबेटिस, सकाळी ग्लिमेपिराइड आणि दोन वेळा मेटफॉर्मिन, इन्सुलिन नाही, बीपीची पण गोळी आहे. शाकाहारी, पण अंडं चालतं.

दोन्हीकडे लाउंजची सोय झालीये आणि खरं सांगू का, मला विमानापेक्षा त्या लाउंजचीच जास्त भीती वाटतेय, कारण बुफे दिसला की बाबांचं "पैसे भरलेत ना, मग?" सुरू होतं आणि सोबत फक्त आई आहे, तिचं ते ऐकत नाहीत :( नक्की काय खायला सांगू, काय टाळायला सांगू? घरून काही द्यावं का?

सातासमुद्रापार

काय खायचं हे नंतर बघू, आधी कितीदा खायचं ते ठरवा. रात्रीच्या विमानाचा घोळ असा असतो की माणूस घरी आठला जेवून निघतो, मग रात्री १ ला लाउंजमध्ये परत जेवतो कारण समोर आहे, मग विमान उडालं की ५ च्या सुमारास ट्रे येतो, मग दोहाच्या लाउंजात नाश्ता, मग पुढच्या विमानात परत ट्रे. म्हणजे साधारण पंधरा-सोळा तासांत पाच वेळा खाणं आणि त्यात हालचाल शून्य. यातलं प्रत्येक ताट एकेकटं बघितलं तर काही वाईट नसतं हो, पण बेरीज बघा.

माझं म्हणणं, बाबांच्या मनगटावरचं घड्याळ डॅलसला उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवा. रात्रीचं जेवण घरी नेहमीसारखं. मुंबईच्या लाउंजात ताक किंवा नुसता चहा, पाय पसरून बसायचं, बस. पहिल्या विमानातला ट्रे सरळ नको म्हणायचं आणि झोपायचं. दोहात उतरून लाउंजला पोचेपर्यंत तिथले साडेपाच-सहा झालेले असतील म्हणजे आपले आठ-साडेआठ, म्हणजे घरच्या नाश्त्याचीच वेळ, तिथे नीट पोटभर खायचं आणि सकाळच्या गोळ्या त्याच्यासोबत. पुढच्या विमानातलं पहिलं जेवण येतं तेव्हा भारतात दुपार असते, म्हणजे तेही जुळलं. गडबड त्याच्या पुढे आहे, कारण दुसरं जेवण बरेचदा उतरायच्या थोडं आधी देतात आणि मधे खूप मोठी गॅप पडते, आपल्या रात्रीच्या जेवणाची वेळ नेमकी त्यात येते. तेव्हासाठी जवळ काहीतरी हवंच.

ग्लिमेपिराइड घेऊन जेवण लांबलं तर शुगर पडते, त्यामुळे गोळी घेतली आणि डोळा लागला असं नको व्हायला. आणि पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, दोहातला नाश्ता ते डॅलसमधला दुसऱ्या दिवशीचा नाश्ता यात चांगले चौतीसेक तास जातात, मग मधल्या मेटफॉर्मिनचं काय करायचं हे त्यांच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हे आपण इथे ठरवायचं काम नाही.

खादाड_काकू

वरचं सगळं मान्य, पण "पैसे भरलेत ना" वाल्या माणसाला ताक पिऊन बसवणं सोपं नाही बरं का, आमच्या घरी पण एक नमुना आहे. त्यांना काहीतरी खायला द्यावंच लागतं. मुंबईच्या लाउंजात पोहे, उपमा, इडली दिसतात आणि सगळे म्हणतात हलकं आहे खा, पण डायबेटिसवाल्याला ते शेवटी पिष्टच की. त्यापेक्षा वाटीभर दही, काकडी-टोमॅटो, अंड्याचा काउंटर असेल तर तिथे उभं राहून ताजं ऑम्लेट करून घ्यायचं. रात्री २ ला कोमट झालेल्या पनीरच्या भाजीकडे तर बघायचं पण नाही, वाफ येत नसेल ते घ्यायचं नाही हा माझा साधा नियम.

दोहात मात्र मजा आहे. आखाती नाश्त्यात आपल्या कामाचं बरंच असतं: लबने, म्हणजे आपल्या चक्क्यासारखं घट्ट दही, उकडलेली अंडी, हमस म्हणजे काबुली चण्याची वाटलेली चटणी, मसूरचं सूप, आणि फूल म्हणून वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ असते ती लिंबू आणि ऑलिव्ह तेल घालून खातात. शाकाहारी माणसाचं मस्त भागतं. ऑलिव्ह आणि चीज मोजकंच, खारट असतं आणि बीपी आहे ना. क्रोसाँ, मफिन आणि फळांचं गोड दही या टेबलाकडे पाठ करून बसवा त्यांना. आणि ज्यूस नको! ग्लासभर संत्र्याच्या ज्यूसमध्ये वीसेक ग्रॅम साखर असते, "फळाचाच तर आहे" म्हणून दोन ग्लास होतात.

वातूळ_गडी

काकू, फूल आणि हमस खाऊन सोळा तास विमानात?? केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो, म्हणजे पोटातला वायू पाव ते एक तृतीयांश जास्त जागा घेतो. मधल्या सीटवर बसून हे सहन करणं म्हणजे काय ते अनुभवी लोकांना विचारा. सवय नसेल तर उसळी, राजमा, छोले, कोबी आणि सोडा हे सगळं उडायच्या आधी बंद.

अवांतर: विमानातलं जेवण बेचव का लागतं याचा जर्मनीत लुफ्तान्सासाठी फ्राउनहोफर संस्थेने अभ्यास केला होता, कमी दाबात आणि कोरड्या हवेत मीठ आणि साखर दोन्हीची चव जिभेला कमी कळते. म्हणून वरून मीठ मारायचा मोह होतो. बाबांना सांगून ठेवा, ती मिठाची पुडी फोडायची नाही.

खादाड_काकू

@वातूळ_गडी अहो फूलची वाटी म्हटलं मी, पातेलं नाही :D पण सवय नसेल तर लबने आणि अंडी, हे बरोबर.

कोड_नंबर

विमानातल्या जेवणाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. तिकिटावर स्पेशल मील टाकता येतं, निदान २४ तास आधी सांगावं लागतं, काही कंपन्यांना त्याहून आधी. डायबेटिक मीलचा कोड डीबीएमएल, आणि इथेच लोक फसतात, कारण ते शाकाहारी असेलच असं नाही, झाकण उघडलं की आत चिकन. आणि एका प्रवाशाला साधारणपणे एकच कोड मिळतो, डायबेटिक अधिक शाकाहारी असं जोडून मिळत नाही. एव्हीएमएल म्हणजे आशियाई शाकाहारी, त्यात भात, बटाटा, पनीर ठरलेलं. मी तर बाबांसाठी एव्हीएमएलच घेईन आणि भात अर्धा, गोड पदार्थ आईला. स्पेशल मील इतरांच्या आधी येतं हा एक फायदा, त्यामुळे गोळीचं गणित जमतं.

दशमीवाली

घरून द्यायचं विचारलंय ना, दशम्या द्या! ज्वारीच्या, दुधात भिजवलेल्या, दोन दिवस आरामात टिकतात आणि सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. फुटाणे, भाजलेले दाणे पण. ओलं काही नको, दही, लोणचं, ओली चटणी हे सगळं सिक्युरिटीला लिक्विडमध्येच धरतात, १०० मिलीच्या वर गेलं की गेलं. आणि अमेरिकेच्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर असली की वेगळी तपासणी होते, तेव्हा ताईसाठी मेतकूट आणि भाजणी नेणारच असाल (नेणारच!) तर ती चेक-इनच्या बॅगेत टाका.

लाउंजमधलं सफरचंद किंवा केळं पर्समध्ये टाकायची आईंना सवय असेल तर ते डॅलसला उतरायच्या आत संपवायचं. अमेरिकेत फळ डिक्लेअर न करता सापडलं तर दंड होतो, तिथे "विमानतळावरच दिलं होतं" चालत नाही. उरलेल्या दशम्यासुद्धा फॉर्मवर किंवा तोंडी सांगून टाकायच्या, शिजवलेलं शाकाहारी असेल तर सहसा काही म्हणत नाहीत.

आणि शुगर पडली तर लागतील म्हणून साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोजच्या गोळ्या बाबांच्या खिशात, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नाही.

निशाचर_पुणेकर

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. भारताच्या वेळेवर घड्याळ ठेवायचं हे बाबांना लगेच पटलं, डॉक्टरांची अपॉइंटमेंट शनिवारची घेतलीये. डायबेटिक मील आधीच टाकलं होतं ते आज बदलून एव्हीएमएल केलं.

एकच राहिलं, दोघांना व्हीलचेअर सांगितलीये. मग लाउंजला सोडतात का ते लोक?

सातासमुद्रापार

आपणहून सोडतीलच असं नाही, बऱ्याच विमानतळांवर थेट गेटवर नाहीतर त्यांच्या वेटिंगच्या जागी नेऊन बसवतात. खुर्चीत बसल्या बसल्या लाउंजचं नाव सांगायचं आणि परत न्यायला किती वाजता येणार ते विचारून घ्यायचं. एका कागदावर इंग्रजीत लिहून आईंकडे द्या. आणि दोहात लाउंज हुकलंच तर नाश्ता हुकता कामा नये, तेव्हा दशम्यांचा डबा चेक-इनमध्ये न टाकता हातातच ठेवा.